दोन घोट

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री. कधी दीड, कधी पावणेतीन.
नळ आधी खोकतो, मग नुसती हवा,
मग गढूळ एक बादली, ती पायरीवर ओतायची,
मग पाणी.

तू मार्गशीर्षात आलीस. त्या रात्रीही पाळीच होती.
तुझा बाबा दवाखान्यात, ड्रम कोरडे राहिले.
तुझी पहिली दुपटी
नागमणी अक्काच्या दोन कळश्यांत धुतली गेली.

शमशाद सिस्टर वजनाची झोळी घेऊन आल्या.
सहा महिने फक्त अंगावरचं, म्हणाल्या.
आणि पाणी?
थेंबसुद्धा नको. दुधातच असतं ते.
तिचं पोट तिच्या मुठीएवढं,
पाण्यानं भरलं तर दूध कुठं मावणार?
मी मान हलवली.
तेव्हा थंडी होती, हो म्हणणं सोपं होतं.

मग एप्रिल आला.
फळीवरची मेणबत्ती न पेटवताच वाकली.
लूमवरून बाबा यायचा, भुवयांवर सुताची पांढरी लव,
कानांत खटखट, म्हणून मोठ्यानं बोलायचा:
त्रेचाळीस, पेपरात आलंय.
तू छातीशी यायचीस, दोन मिनिटं ओढून सोडायचीस,
परत यायचीस. घामानं आपण चिकटायचो,
सोडवताना आवाज व्हायचा.

अक्का दारात बसायची, विड्यांचं सूप मांडीवर,
पान, तंबाखू, दोरा, बोटं थांबत नाहीत तिची.
अगं, चिमण्यांना आपण वाटीत ठेवतो की,
आणि पोरीला नाही? ओठ बघ.
कापूस भिजवून टेकव नुसता.
माझी सहा तशीच वाढली.

सहा वाढली.
सातव्याचं ती काही सांगत नाही,
मीही विचारलं नाही.

मी लंगोट मोजले. सकाळपासून सात, ओले.
सिस्टरनी हेच तर मोजायला सांगितलं होतं.
मग तांब्या उचलला आणि मीच प्यायले,
उभ्यानं, गटागटा, हनुवटीवरून सांडत.
त्या उन्हाळ्यात तुझ्या वाटणीचं सगळं पाणी
मी असं प्यायले.
गावाला पाचव्या दिवशी नळ,
तुला घरात एक, बिनपाळीचा,
रात्री तीनला हाक मारली तरी येणारा.
कधी कधी चिडून येणारा, तेही सांगते.

जूनमध्ये तू बसायला लागलीस, उशीला टेकून,
आणि माझ्या पेल्याकडे
चोरासारखी बघायला लागलीस.
मुगाची पातळ डाळ झाली, चार चमचे,
त्यातले दोन बाहेर.
आता दे, सिस्टर म्हणाल्या, जेवणाबरोबर, घोट दोन घोट.
बाटली नको. पेल्यानंच.
दूध आहे तसंच चालू ठेव.

पाणी खळखळून उकळलं. निवत ठेवलं,
वर बाबानं आणलेला नवा नॅपकिन, काठाला चुकलेला धागा.
सगळ्यात लहान पेला काढला.
अक्का उंबऱ्याशी उभी.
ती म्हणाली नीळ्ळू, समोरून शंकरव्वा म्हणाली नीरू,
मी म्हटलं पाणी.
तू आधी पेल्याची कड चावलीस.

पहिला घोट हनुवटीवरून बेंबीपर्यंत गेला.
तुझा चेहरा असा,
जणू कुणी काहीच दिलं नाही
आणि तरी तोंडात काहीतरी आहे.
ना गोड, ना कोमट, ना माझा वास.
तू माझ्याकडे बघितलंस. फसवलं का?
मग तोंड उघडलंस.

मी देऊ का दुसरा, अक्का म्हणाली.
सूप खाली ठेवलं तिनं.
हाताला तंबाखूचा वास, म्हणून परत घरी गेली,
स्वतःच्या ड्रममधून दोन मग घेतले,
साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले,
नखं सुद्धा,
आणि ओल्याच हातांनी येऊन पेला धरला.

तो चौथा दिवस होता.